परकीचा कडू घास

आमच्या घरी तांदूळ शिजायला काढले की एक मूठ जास्तीची पडते. सासूबाईंनी लावलेली सवय. त्या म्हणायच्या, "प्रभू सांगून नाही येत वो. उपाशी मातर येते." दाराशी कोणी अनोळखी येऊन उभा राहिला की त्याच्या रूपानं तोच उभा आहे, त्याला घरात घेतलं तर त्याला घेतलं आणि हाकललं तर त्यालाच हाकललं, असं आम्हाला शिकवलेलं. ते शास्त्रात आहे हे मी पुढं वाचायला शिकले तेव्हा कळलं. मूठ मात्र लग्न होऊन आले त्या दिवसापासून टाकते आहे.

आणि ती मूठ कधी वाया गेली नाही, बरं का. सडक अर्जुनीहून देवरीकडे जाताना हमरस्त्याला लागून आमचं गाव. सडकेवर एक ढाबा, ढाब्याच्या मागून तिसरं घर आमचं. फाटकावर आमच्या ह्यांनी लोखंडी क्रूस बसवून घेतलाय. हे सडकेच्या गँगमध्ये कामाला होते, लोखंड वाकवणारी माणसं ओळखीची. त्यामुळं बस चुकलेले, ट्रक बिघडलेले, पायी निघालेले, सगळ्यांना ढाबेवाला सांगतो, "वो क्रॉसवाले घर में चले जाओ, अम्मा बैठी है." मी काय, बसलेलीच असते. येणाऱ्याला पाय धुवायला गडवाभर पाणी द्यायचं, बसायला चटई टाकायची, ताटात गरम भात वाढायचा. इतक्या वर्षांत मला वाटायला लागलं होतं की परक्याचं कसं करायचं हे आपल्याला येतं.

मग श्रावणात ती आली.

छत्तीसगडची पोर, विशी-बाविशीतली असेल. काखेत तान्ही मुलगी. नवरा-बायको कुठंतरी मजुरीला गेलेले, तिथंच त्याला ताप भरला, म्हणून घराकडं निघाले होते. आमच्या फाट्याजवळ बसमध्येच त्याचा जीव घाबरा झाला. कंडक्टरनं गाडी थांबवली, ढाब्यावरच्या माणसांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. दवाखान्यात गेला तो, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्ब्युलन्समधून तो परत आला तो चादरीत गुंडाळून, आणि त्याच्या पायाशी ही बसलेली, डोळे कोरडे ठण्ण. ढाबेवाल्याला तिला कुठं न्यायचं ते सुचेना. त्यानं नेहमीचीच वाट दाखवली.

तिच्या सासऱ्याला फोन लागला, तोही मोठ्या मुश्किलीनं. ह्यांनी आवाज मोठा केला, आम्ही सगळे ऐकत होतो. म्हातारा म्हणाला, "उहें माटी दे देव, भइया. पुल ऊपर ले पानी जावत हे. हमन नइ आ सकन." पुलावरून पाणी जात होतं, तिकडची वाट बंद झालेली. तिथंच माती द्या म्हणाला. बापानं मुलाची माती फोनवर परक्यांच्या हातात दिली, आणि पुन्हा एकदा "भइया" म्हणून फोन ठेवला.

नाल्याच्या अंगाला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या चार-सहा घरांची, माती द्यायची थोडी जागा आहे. आमचे पास्टर तरुण, नागपूरकडचे. ते म्हणाले, "जागा आपल्याकडे आहे. विचारायचं काय त्यात?" मला फार बरं वाटलं. गावातली माणसं आली, जंगलाकडच्या वस्तीवरचेही दोघे-तिघे आले, त्यांनी खड्डा खणायला हात लावला. पास्टरनी प्रार्थना लहानच केली. मग तिला विचारलं, तुमच्यात काय करतात, ते करायचं असेल तर कर. तिनं पदराची गाठ सोडली, नवऱ्याची तंबाखूची डबी काढली, आणि खाली वाकून त्याच्या हाताजवळ ठेवली. बस्स. रडली नाही.

घरी आणल्यावर तिला न्हायला पाणी दिलं, माझं धुतलेलं लुगडं दिलं. बोलत नव्हती. मुलगी मात्र सारखी रडत होती, कारण दूध उतरत नव्हतं. उतरणार कुठून? आदल्या दिवशी बसमध्ये चढण्याआधी काय खाल्लं असेल तेवढंच. मुलीला गाईचं दूध पाणी घालून चमच्यानं पाजून पाहिलं, ते तिनं ओकून टाकलं. रडून रडून तिचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायची. मुलं वाढवलेल्या बाईला हे पाहवत नाही. आईच्या पोटात घास गेला पाहिजे, दुसरा इलाज नव्हता.

मी चुलीशी बसले. ओली बाळंतीणच ती, म्हणून लसणाची चरचरीत फोडणी देऊन वरण केलं. लसणानं दूध येतं. भात केला, जास्तीची मूठ टाकून. दोडक्याची भाजी केली, पापड तळले. पाहुणीला करावं तसं सगळं केलं. घरभर वास सुटला. ताट वाढून मी बाहेरच्या खोलीत आले, तर ती जागेवर नव्हती. मुलीला घेऊन ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसलेली. पावसाचे शिंतोडे अंगावर येत होते, आणि नाकाला पदर.

"खा माय, दोन घास तरी खा," मी म्हटलं.

तिनं ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही. "नइ खावंव दाई." नाही खाणार, आई, म्हणाली.

"लेकरासाठी खा."

"नइ खावंव."

माझी धाकटी जाऊ आमच्याच अंगणात वेगळी राहते. मनानं वाईट नाही, पण जीभ म्हणजे विळा. ती भिंतीला टेकून सगळं पाहत होती. म्हणाली, "बाई, तुमाले समजून नाही राहिलं का? ख्रिस्त्याच्या घरचं आहे ना ते. माती देऊन घेतली आपल्या हातून, जेवण तेवढं विटाळते."

"गप वो."

"मी गप राहतो. तुमी वाढा. वाढून वाढून हात दुखले की सांगा."

मी तिला गप केलं खरं, पण ते मनात रुतलं. आमच्या पहिल्या पिढीनं हे फार सोसलंय. विहिरीवर, लग्नात, पंगतीत. मला वाटलं, एवढ्या दुःखातही हिला आमच्या हातचं चालत नाही? मी ताट आत नेऊन झाकून ठेवलं, आणि खरं सांगते, जरा आदळलंच. हे म्हणाले, "ताटाले काऊन मारून राहिली? त्यानं काय केलं?"

पाऊस कोसळत होता, म्हणून पास्टर आमच्याकडेच थांबले होते. ते म्हणाले, "आई, आपण आपलं काम केलं. आता प्रार्थना करू." केली. डोळे मिटले, पण कानात ते लेकराचं आवाज नसलेलं रडणं. प्रार्थनेत माझं मन कशालाच टेकेना.

मी उठून ओसरीवर गेले, तिच्याजवळ बसले. काही बोलायचं नाही असं ठरवूनच बसले होते, मला ते कठीणच. थोड्या वेळानं तीच म्हणाली, माझ्याकडं न पाहता, "इहां मोर कोनो नइ हे, दाई."

इथं माझं कोणी नाही. मी सांत्वन करायला तोंड उघडलं, "असं काऊन म्हणते, आमी..." आणि शब्द तिथंच राहिला. कारण माझ्या नाकात माझ्याच फोडणीचा वास आला. आणि त्या वासाबरोबर माझी आई गेली तो दिवस आला.

तेव्हा मी परकरी वयाची, अजून आमचं घर ख्रिस्ती झालेलं नव्हतं. आईला पोहोचवून माणसं परत आली आणि चुलीत पाणी टाकलेलं. दिवसभर कोणी काही खाल्लं नाही. भूक लागली म्हणून मी आजीजवळ रडले तर ती म्हणाली, "थांब वो, तुझी मावशी येऊन राहिली." मावशी आली, डोक्यावर टोपली, टोपलीत पातळ वरण-भात, बिनफोडणीचा, आणि वर कडुनिंबाची डहाळी. दारातून आत आली, आम्हा प्रत्येकाच्या हातावर निंबाचं एक पान ठेवलं, ते चावायला लावलं, आणि मग आपल्या हातानं पहिला घास भरवला. कडू घास म्हणतात त्याला. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, फोडणी चरचरत नाही. बाहेरून सोयऱ्यानं, माहेरच्या माणसानं आणून भरवल्याशिवाय घास घशाखाली उतरवायचा नसतो. आपल्याच्या हातून कडू गिळायचं, मग पुढं जगायला लागायचं.

बाप्तिस्म्यानंतर आमच्यात ते राहिलं नाही. शेजारपाजारचे डबे आणतात, आम्ही जेवतो. इतक्या वर्षांत मी विसरूनच गेले होते. आणि तिच्या नवऱ्याची माती ओली असताना मी त्याच छपराखाली पापड तळले.

मी तिला विचारलं, "तुमच्याकडं माणूस गेला की पहिला घास कोण देते?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "मइके ले आथे." माहेराहून येतो.

"आन तुझं माहेर?"

तिनं मान हलवली. आई नाही, बाप नाही. काका आहे, तोही पुराच्या पलीकडं. म्हणजे ती विटाळ मानत नव्हती. ती वाट पाहत होती, आणि येणारं कोणी नाही हे तिला माहीत होतं.

मी आत जाऊन चप्पल पायात घातली. पास्टरनी विचारलं तेव्हा सांगितलं, कडू घास देते म्हणून. ते घोटाळले. "आई, हे सगळं आपण मागं टाकलं ना? लोकांना आपणच सांगतो. उद्या मंडळीत कोणी विचारलं तर?"

"विचारू द्या."

"जेवण देऊ, प्रेम देऊ. पण रीत..."

"जेवण तं दिलं ना पास्टर. पोचलं का?"

राग नव्हता त्यांना, विचारात पडले होते. मीही पडलेच होते. पण लेकरू थांबणार नव्हतं.

आता अडचण अशी, की माझी चूल चालत नव्हती. ती पोर जिथं बसली तेच आज दुखाचं घर, आणि तिथं शिजलेलं तिथंच कसं द्यायचं? घास बाहेरून यायला पाहिजे. माझी ती जास्तीची मूठ, जिचा मला एवढा अभिमान, तिचा एक दाणा उपयोगाचा नव्हता.

आमच्या शेजारी पवारांचं घर आहे, धानाची शेती असलेलं. तिथली म्हातारी आणि मी एका वयाच्या. चाळीस वर्षं भांडलो, एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकली. मी भिजत तिच्या दारात गेले.

"काऊन वो," ती म्हणाली, "तुमच्या प्रभूची चूल विझली का?"

"विझली. तुझी दे."

सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. चुलीवरचं तिचं दुधाचं भांडं तिनं उतरवून बाजूला ठेवलं, कणगीतून तांदूळ काढले. "तांदूळ माहे, हात तुहे," म्हणाली. "माहेराची व्हायची आहे ना तुले, मंग तूच रांध." मी तिच्या चुलीशी बसून भात टाकला, बिनहळदीचं, बिनफोडणीचं वरण शिजवलं. तेवढ्यात ती पावसात जाऊन मागच्या अंगणातून निंबाची डहाळी तोडून घेऊन आली. डोक्यावरून पाणी निथळत होतं तिच्या. म्हणाली, "टोपलीत ने. ताटात नको नेऊ, ताटात पाहुण्याले देतात."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

टोपली डोक्यावर घेऊन मी माझ्याच फाटकातून आत आले. दिवस कलला होता, पाऊस थोडा ओसरला होता. ओसरीवर गारठा म्हणून ह्यांनी तिला आतल्या खोलीत बसवलं होतं आणि दार लोटलेलं. मी दाराशी थांबले. घर माझं, कडी माझ्या हाताखालची, पण ढकलून आत जावंसं वाटेना. आज ते तिचं घर होतं, मी सोयरी होते, आणि सोयऱ्याला आतून कोणीतरी "या" म्हणावं लागतं. मी कडी वाजवली.

दार पास्टरनी उघडलं. मला पाहिलं, डोक्यावरची टोपली पाहिली, वरची निंबाची डहाळी पाहिली. मग बाजूला सरकले आणि म्हणाले, "या."

मी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "माहेराहून आली मी." तिच्या हातावर निंबाचं पान ठेवलं. एक माझ्या तोंडात घातलं. आम्ही दोघींनी चावलं. कडू म्हणजे किती कडू! जीभ आकसली माझी. मग भाताचा घास कालवून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं, लहान पोरासारखं, घास घेतला, आणि तो गिळता गिळता जी रडायला लागली! दवाखान्यापासून कोंडलेलं सगळं. माझ्या मांडीवर डोकं घालून, "दाई वो, दाई वो" म्हणत रडली. मी थांबवलं नाही. रडत रडतच दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग टोपली जवळ ओढून तिच्या हातानं जेवली.

माझी जाऊ दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी, पण बोलल्याशिवाय राहील तर ती कसली. म्हणाली, "पाणी तरी द्या कोणी, ठसका लागन तिले." आणि स्वतःच गडवा घेऊन आली.

दिवे लावायच्या सुमारास मुलगी छातीला लागली. आधी ओढून ओढून चिडली, सोडली, पुन्हा लागली. मग घोटाचा आवाज आला. एवढासा आवाज, पण आम्ही सगळे बोलायचे थांबलो. पास्टर भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी डोकं खाली घातलं. मला वाटतं ते प्रार्थना करत होते, मोठ्यानं काही बोलले नाहीत. माझी प्रार्थना मात्र तेव्हा टेकली.

रविवारी मंडळीत विचारणाऱ्यांनी विचारलंच, की आता आपण पुन्हा जुन्याकडं चाललो का. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं, पण पास्टरच उठले. म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते उंच आसनावर बसून नाही. कमरेला रुमाल गुंडाळून नोकराच्या जागी खाली बसला. आईला सोयऱ्याच्या जागी जावं लागलं, ती गेली." सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. एक घर अजून माझ्याशी जरा तुटक बोलतं. असो. त्यांचंही मन आहे. मीसुद्धा ते सगळ्यांनी करावं असं म्हणत नाही. त्या दिवशी त्या पोरीला तेच हवं होतं, एवढंच मला ठाऊक.

पाणी ओसरलं तसा तिचा सासरा आला. वाळलेला, उंच म्हातारा, बरोबर गावचे दोघे. आधी नाल्याकडं गेला, तिथं बराच वेळ बसला. थोडी माती फडक्यात बांधून घेतली. मग आमच्याकडं आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला. हे म्हणाले, "या, आत या." तो आला नाही. त्यानं फाटकावरच्या क्रुसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "समधिन, पानी दे दे."

समधिन. विहीणबाई. सुनेच्या आईलाच म्हणतात तसं. पोरीनं त्याला फोनवर सगळं सांगितलेलं दिसत होतं.

मी गडवा भरून नेला. इतक्या वर्षांत कित्येकांच्या पायांना पाणी दिलं, पण त्या दिवशी गडवा दोन्ही हातांनी धरून पुढं केला. त्यानं पाय धुतले, उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, आणि मग आत येऊन चटईवर बसला. जेवला. पोरीनं बोचकं बांधलं. निघायच्या वेळी तो ह्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. म्हणाला, आमच्यात दुखाचे दिवस सरले की सुनेला माहेरी पोचवतात, थोडे दिवस. आईच्या हातचं खाते, मन हलकं करते, मग परत येते. हिला माहेर नाही. नव्हतं. "त लानंव का, समधी?" आणू का म्हणून विचारत होता.

हे माझ्याकडं बघायला लागले. आमचं हे एवढंसं घर, दोन म्हातारी माणसं, ह्यांचा दमा. परक्याला एक वेळचं जेवू घालणं आणि निरोप देणं वेगळं. ही आता येतच राहणार होती. दिवाळीला येणार, लेकरू आजारी पडलं की येणार, कोणी बोललं की रडत येणार. ते मला त्या क्षणी सगळं दिसलं, खोटं कशाला बोलू.

"विचारून काय राहिले," मी म्हटलं. "पोरीले माहेरी आणाले विचारावं लागते का?"

म्हातारा मान हलवत राहिला. पोर फाटकाशी उभी होती, मुलगी खांद्यावर झोपलेली. बस आली तेव्हा ती माझ्या पाया पडली नाही. लेकी पाया पडत नाहीत आमच्याकडं, तिच्याकडंही नसावं. मागं वळून एवढंच म्हणाली, "दाई, मोर लुगरा धो के रखबे." माझं जे लुगडं तिला दिलं होतं, ते आता तिचं झालं होतं. धुऊन ठेव म्हणाली.

ते मी नाल्यावर नेऊन धुतलं, वाळवलं, आणि घडी करून पेटीत वरच ठेवलं, आल्याबरोबर हाताला लागेल असं.